बेळगावात क्विझ नाइट घेतोय: प्रश्न सुचवा, आणि भांडणं इथेच उरकून घ्या

सांबऱ्याचा वारा
मंडळी, एक लफडं गळ्यात घेतलंय. टिळकवाडीत एका मित्राचं रेस्टॉरंट आहे. खाली फॅमिली, वर गच्चीवर पब. पब म्हणजे आपला बारच, फक्त दिवे मंद आणि बिल जोरात. बुधवारी गच्ची ओस पडते म्हणून त्याला क्विझ नाइट घ्यायची आहे. चौथीत असताना सामान्यज्ञानात माझा पहिला नंबर आला होता, एवढ्या भांडवलावर क्विझमास्तर मी.

आठ टेबलं, टेबलाला पाच डोकी. पाच फेऱ्या, फेरीला आठ प्रश्न. प्रत्येक टेबलावर स्टीलचा डबा, सगळे फोन आत, झाकण बंद. प्रश्न मराठीत वाचणार, पण दोन टेबलं कन्नड मित्रांची आहेत आणि एक कॅम्पातल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांचं.

वीस प्रश्न काढले आणि घरी तपासून बघितले. बायकोने भाकऱ्या थापता थापता चौदा उत्तरं दिली. म्हणजे एकतर ती हुशार किंवा प्रश्न सोपे. मी काहीच बोललो नाही, जेवायचं होतं अजून. नमुन्यादाखल चार:
गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन कुठे झालं? मोठ्या माणसाच्या अंगात हाडं किती? चंद्रावरून दिसणारी मानवनिर्मित वास्तू कुठली? भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?
फोडा आता.

निपाणी नाका
पहिला प्रश्न बेळगावात विचारणार? काँग्रेस रोडवरून गाडी हाणत येणाऱ्या माणसाला? अरे त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर तिथे रोज बघतात लोक. हा प्रश्न पुण्यात विचार, तिथे चालेल.

तिसरी घंटा
तिसरा आणि चौथा आधी फाड. चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही. चंद्र राहू दे, २००३ साली चीनचाच पहिला अंतराळवीर वर जाऊन आला आणि मला काही दिसली नाही म्हणाला. लांबीला हजारो किलोमीटर असली तरी रुंदीला ती एखाद्या रस्त्याएवढी, आणि रंग आजूबाजूच्या मातीचाच. दिसणार कशी?

आणि राष्ट्रीय खेळ. यावर माझी जुनी जखम आहे, लिहितोच. कॉलेजात असताना एका स्पर्धेत अंतिम फेरीत हाच प्रश्न आला. मी म्हणालो, अधिकृत असा कुठलाच नाही. मास्तरांनी बझर वाजवला, 'चूक, हॉकी', आणि समोरच्या टीमला दहा गुण. आम्ही पाच गुणांनी हरलो. पुढे २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात कोणीतरी विचारलं, तेव्हा क्रीडा खात्यानेच लिहून दिलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. तो कागद घेऊन त्या मास्तरांना शोधायला जायचं डोक्यात होतं. ट्रॉफीत पेनं ठेवायची सोय होती हो.

सांबऱ्याचा वारा
@तिसरी घंटा, खिक्. दोन्ही काढले. मग 'भारताची राष्ट्रभाषा कोणती' पण तसलाच ना?

तिसरी घंटा
तसलाच. घटनेत राष्ट्रभाषा हा शब्दच नाही. कलम ३४३ प्रमाणे हिंदी संघराज्याची राजभाषा. आणि तुझ्या गच्चीवर तीन भाषांची टेबलं असताना हा प्रश्न विचारलास तर मी खालच्या मजल्यावर बसून जेवीन.

मास्तर_निवृत्त
गांधीजींचा प्रश्न टाकून देऊ नका, जोडप्रश्न करा. माझी पद्धत सांगतो. प्रश्नाला दोन दारं ठेवायची. एक ओळखीचं, एक अनोळखी.

असं विचारा: 'डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथून हाकेच्या अंतरावर सुळेभावीला एक मूल जन्मलं. पुढे त्याने गाणं गाजवलं, पण ते देवासला राहून. कोण?' उत्तर कुमार गंधर्व. मूळ नाव शिवपुत्र कोमकली, जन्म ८ एप्रिल १९२४. ज्याला गाण्यातलं कळतं तो 'देवास'वरून पकडेल, ज्याला गाव माहीत आहे तो 'सुळेभावी'वरून. दोघं एका टेबलावर असले तर एकमेकांना ढोसतील. तीच मजा.

शिल्लक असेल तर वर पुरवणी: त्या अधिवेशनात गांधीजींसमोर एका शाळकरी मुलीने स्वागतगीत म्हटलं होतं, ती कोण? गंगूबाई हनगल.

खानापुरी माठ
मास्तर, वाचनखूण साठवली.
माझ्याकडून दोन घे. (१) भीमगडच्या जंगलात बारापेडे म्हणून गुहा आहेत, आमच्या खानापूर तालुक्यात. तिथे एक वटवाघूळ राहतं, राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. कित्येक वर्षं जगात फक्त इथेच आहे असं समजत होते, मग मेघालय आणि कंबोडियात पण सापडलं. (२) म्हादई उगम पावते आमच्याकडे, गोव्यात जाऊन मांडवी होते. मलप्रभा पण आमचीच, कणकुंबीची. ती मात्र उलट्या दिशेला जाते, कृष्णेला मिळते. शेजारशेजारच्या डोंगरातलं पाणी, एक अरबी समुद्रात आणि एक बंगालच्या उपसागरात. नकाशा काढून विचार, बघ किती जण नदी उलटी वाहवतात.

गोकाककर
धबधबा विसरलात? १७१ फूट. टायब्रेकरला ठेवा.

निपाणी नाका
@गोकाककर, तुमच्या गावचं कुठलंही पोर झोपेत १७१ म्हणतं. त्या दिवशी गच्चीवर एक गोकाकचा असला की खेळ खलास. टायब्रेकरला असा आकडा हवा की कुणालाच नेमका येऊ नये आणि सगळ्यांना अंदाज मारता यावा.

तिसरी घंटा
शुक्र. स्वतःभोवती एक फेरी मारायला पृथ्वीचे किती दिवस? २४३. सूर्याभोवती मात्र २२५ दिवसांत जातो. फेरीपेक्षा गिरकी लांब. जवळचा आकडा जिंकला.

निपाणी नाका
माझा पण एक: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किती जिल्ह्यांना, आणि त्यातले कर्नाटकातले किती? आठ, त्यातले चार. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी आणि निपाणीकडे आजही घराघरात चपला शिवतात आणि नाव लागतं कोल्हापूरचं. यावर माझा राग आहे, पण तो प्रश्नपत्रिकेत नको.

सीमा_भाऊ
सीमावादाच्या महाजन आयोगावर एक फेरी हवीच. १९६७ चा अहवाल, २६४ गावं तिकडे महाराष्ट्राला, २४७ इकडे कर्नाटकात...

सांबऱ्याचा वारा
आकडे बरोबर आहेत भाऊ. पण बिल भरायच्या आधी टेबलं उलटली तर मित्र माझ्याकडून वसूल करील. नियम ठरवलाय: उत्तरात बेळगाव लिहा, बेळगावी लिहा, गुण पूर्ण. १ नोव्हेंबरला क्विझ नाही. १९५६ वर प्रश्न नाही, २०१४ च्या नामांतरावर नाही. हलके घ्या.

अक्कातंगी
मी धारवाडची, बेळगावात दिलेली. घरात आईशी कन्नड, सासूशी मराठी, मुलाशी जे आधी तोंडात येईल ते. तेव्हा तुमच्या तीन भाषांच्या टेबलांसाठी मी बोलते.

खिशातून दहाची नोट काढा. मागच्या बाजूला भाषांची उभी पट्टी आहे. पंधरा भाषा, पुढची हिंदी आणि इंग्रजी धरून सतरा. आता प्रश्न: त्या पट्टीत कन्नड वर की मराठी? काल घरी विचारलं तर नवरा छातीठोकपणे म्हणाला मराठी. नोट काढून दाखवली. कन्नड चौथी, कोंकणी सहावी, मराठी आठवी. भेदभाव बिदभाव काही नाही, इंग्रजी बाराखडीप्रमाणे लावलंय, के आधी येतो एम नंतर. आसामी पहिली, उर्दू शेवटची. रोज हाताळतो ती वस्तू, पण बघितलेली नसते. असले प्रश्न मला आवडतात. पाठ करून येणाऱ्याचा काही उपयोग नाही.

आणि नोट पालथी केलीच आहे तर चित्रफेरी त्यातच करा. दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांची.

निपाणी नाका
म्हणजे महाराष्ट्र वीस रुपये आणि कर्नाटक पन्नास? 😀

अक्कातंगी
मी काही म्हणाले नाही की ओ. रिझर्व्ह बँक म्हणूलाय.

सांबऱ्याचा वारा
हा घेतलाच. आता एक मला स्वतःला आवडलेला: मराठीतला सर्वात जुना शिलालेख कुठे आहे? उत्तर श्रवणबेळगोळ, म्हणजे चक्क कर्नाटकात. गोमटेश्वराच्या पायाशी. शाळेत 'श्री चावुंडराजें करवियलें' पाठ केलेलं. मराठी टेबलं महाराष्ट्रातली गावं लिहीत बसतील, कन्नड टेबलं खूश होतील.

मास्तर_निवृत्त
चूक. म्हणजे शाळेच्या हिशेबाने बरोबर आणि आजच्या हिशेबाने चूक. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ आक्षीला शिलालेख आहे, शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. अभ्यासक आता त्याला आधीचा मानतात.

खानापुरी माठ
पण मास्तर, गोमटेश्वराची मूर्ती ९८१ च्या आसपासची ना? मग लेख १०१२ च्या आधीचाच झाला की.

मास्तर_निवृत्त
इथेच सगळे फसतात, मीही तीस वर्षं वर्गात तेच शिकवलं. मूर्ती आधीची म्हणजे लेख आधीचा, असं नाही. तिथे दोन ओळी आहेत. पहिली 'श्री चावुंडराजें करवियलें', दुसरी 'श्री गंगराजें सुत्तालें करवियलें'. सुत्तालें म्हणजे मूर्तीभोवतीचं आवार. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकातला. दोन्ही ओळींचं अक्षर एकाच वळणाचं. तेव्हा त्या एकाच वेळी, १११६-१७ च्या सुमारास कोरल्या असं मानतात. घर आजोबांनी बांधलं, दारावरची पाटी नातवाने लावली आणि पाटीवर आजोबांचं नाव घातलं, तसं समजा.

सीमा_भाऊ
म्हणजे मान महाराष्ट्राकडे परत आला.

अक्कातंगी
तुम्हाला कशातही तेच दिसतंय.

तिसरी घंटा
@सांबऱ्याचा वारा, 'सर्वात जुना', 'सर्वात लांब', 'पहिला' असले शब्द दिसले की प्रश्न बाजूला ठेव. नाईल की ॲमेझॉन यावर सुद्धा मोजणारे एकमेकांच्या उरावर बसतात. आणि तुझ्याकडे तर लोक दोन पेग टाकून बसलेले असणार.

सांबऱ्याचा वारा
पण तो दगड सोडवत नाही रे. कर्नाटकातल्या मूर्तीच्या पायाशी हजारेक वर्षांपूर्वीची मराठी, आणि मी बेळगावात क्विझ घेतोय. हा विचारायचा नाही तर काय विचारायचं?

मास्तर_निवृत्त
विचारा की. फक्त वय विचारू नका. त्या मूर्तीच्या पायाशी 'चावुंडरायाने करवली' हीच गोष्ट तीन भाषांत आहे. कन्नडमध्ये 'माडिसिदं', तमिळमध्ये 'शेय्वित्तान्' आणि मराठीत 'करवियलें'. तीन शब्द कागदावर छापा आणि विचारा, तिसरी भाषा कुठली? उत्तर एकच येतं. तुम्ही प्रश्न नुसते मराठीत वाचणार म्हणताय, तिकडे दगडावर तीन भाषा कोरून ठेवल्यात.

सांबऱ्याचा वारा
मास्तर, पाया पडतो. आणि हो, पत्रिका दोन्ही भाषांत छापतो. अक्का, कन्नड तपासून द्याल?

अक्कातंगी
देते. पण एक फेरी माझी. वासाची.
पाच स्टीलच्या वाट्या, वर कागद, कागदाला टाचणीने भोकं. आत तिरफळ, दगडफूल, आमसूल, शहाजिरं, ब्याडगी मिरची. वास घेऊन ओळखायचं आणि प्रत्येकावर एक उपप्रश्न. तिरफळाच्या कुळातलं रोज स्वयंपाकात लागणारं फळ कुठलं? लिंबू. (चिनी स्वयंपाकातलं ते जीभ झिणझिणवणारं मिरं तर तिरफळाचं सख्खं भावंड.) दगडफूल हे फूल नाही, मग काय? बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. कोकमाचा जवळचा नातेवाईक? मँगोस्टीन. ब्याडगी रंगाला जास्त की तिखटाला? रंगाला. आमच्या घरी तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी, दोन्ही मिसळून चटणी कुटतात.

खानापुरी माठ
मग भाषेची फेरी पण घ्या. हे वाक्य फळ्यावर लिहा: 'अक्का, चावी अडकित्त्याजवळ ठेव.' यातला पोर्तुगीज शब्द कुठला आणि कन्नडमधून आलेले कुठले? चावी पोर्तुगीज, अक्का आणि अडकित्ता कन्नड. मराठी म्हणून काय उरलं? 'जवळ ठेव'.
पगार, बटाटा, तुरुंग, हापूस, सगळं पोर्तुगीजांकडून. म्हणजे पगार त्यांचा आणि तुरुंगही त्यांचाच.

मास्तर_निवृत्त
ज्ञानपीठावर एक: घरात मराठी बोलणारा कवी, ज्ञानपीठ मिळालं कन्नडसाठी, १९७३ साली. द. रा. बेंद्रे. काही टेबलं कारनाड लिहितील. कारनाडांचा जन्म माथेरानचा खरा, पण घरची भाषा कोंकणी. म्हणून 'जन्म' नका विचारू, 'भाषा' विचारा.
आणि उद्योगातलं: बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात, पुढे लोखंडी नांगर, मग बेळगाव सोडून औंध संस्थानात माळरानावर कारखाना आणि गाव. लक्ष्मणराव किर्लोस्कर, १९१० ची किर्लोस्करवाडी. आपण काय गमावलं ते पोरांना कळू दे.

निपाणी नाका
कित्तूरचा पण टाका. १८२४ च्या लढाईत चन्नम्मांच्या फौजेने मारलेला कलेक्टर थॅकरे, हा कुठल्या इंग्रजी कादंबरीकाराचा काका? विल्यम मेकपीस थॅकरे. पोरं पहिल्यांदा मुंबईच्या ठाकऱ्यांकडे जातील, तेवढाच हशा.

*(बारा दिवसांनंतर)*

सांबऱ्याचा वारा
झाली. वृत्तांत देतो.

आठ टेबलं म्हणालो होतो, सहा भरली. साडेसातला सुरू करायचं होतं, आठ वीसला झालं, कारण माइक लावला की खालच्या किचनमधला मिक्सर त्यात घरघरायचा. शेवटी मी माइक ठेवून ओरडलो. आज घसा बसलाय.

पहिल्या फेरीत कॅम्पातल्या पोरांना आठपैकी आठ. मला संशय आला. डब्यात पाच फोन होते, मोजले. मग वेटरने हळूच सांगितलं, एकाच्या मनगटावरच्या घड्याळात मेसेज येऊलाय. घड्याळ डब्यात गेलं. दुसऱ्या फेरीत तीन.

नोटेचा प्रश्न हिट. वाचून संपायच्या आत सहाही टेबलांवर हात खिशाकडे गेले, आणि मी ओरडतोय, नोटा काढायच्या नाहीत! एका काकांनी तर पाचशेची काढून गल्ल्याकडे तोंड करून बघितली. मराठी टेबलांनी 'मराठी' लिहिलं, कन्नड टेबलांनी 'कन्नड'. म्हणजे माहिती कुणालाच नव्हती, गुण मात्र दोन्ही कन्नड टेबलांना मिळाले. सीमा_भाऊ आला होता, त्याने अपील केलं. फेटाळलं.

शिलालेखाचा प्रश्न मात्र वेगळाच झाला. तीन शब्द छापून दिले होते. मराठी टेबलं 'करवियलें'वर अडकली, एकाने गुजराती लिहिलं, एकाने संस्कृत. कन्नड टेबलावरचा एक पोरगा शांतपणे म्हणाला, हे 'करवून घेतलं' आहे ना, मराठी आहे. तो मूळचा हुक्केरीचा, मराठी सातवीपर्यंत शिकलेला. त्यांच्या टेबलाला गुण, आमच्या लोकांना टोमणे. नंतर तो मला विचारत होता, 'सुत्तालें' मराठीत अजून वापरतात का, कारण कन्नडमध्ये 'सुत्त' म्हणजे भोवती. मास्तर, यावर तुम्हीच बोला, मला काही सुचलं नाही.

वासाच्या फेरीत भिशीचं टेबल सुटलं. चार बायका, जेवायला म्हणून आलेल्या, क्विझ आहे हे माहीतच नव्हतं. पाचपैकी पाच, आणि दगडफुलाला 'फूल नाही हो ते' असं मलाच ऐकवलं. त्यांची आणि हुक्केरीवाल्या टेबलाची बरोबरी झाली. टायब्रेकर शुक्र. हुक्केरीवाल्यांनी २५० लिहिलं, भिशीने २४०. भिशी तीनने, ते सातने चुकले. बक्षीस दोन किलो कुंदा (आपली खव्याची मिठाई), तो भिशीने तिथेच फोडून सहा टेबलांवर वाटला.

सपशेल पडलेला प्रश्न: वटवाघूळ. कुणालाच आला नाही, आणि उत्तर सांगितल्यावरही कुणाला काही वाटलं नाही. माठा, सॉरी.

खानापुरी माठ
माझ्या वटवाघळाचा अपमान झालाय. पुढच्या वेळी फोटो देतो, बघा मग.

मास्तर_निवृत्त
तुमच्या हुक्केरीच्या मुलाला माझा निरोप द्या. 'सुत्तालें'चं मूळ कन्नडमध्येच शोधतात. तो बरोबर चाललाय. मराठीत आज तो शब्द वापरात नाही.

गोकाककर
बक्षीस कुंदाच का? पुढच्या वेळी करदंट ठेवा. आमच्याकडचं, अमीनगडचं नव्हे.

निपाणी नाका
झालं, हा सुरू झाला.

अक्कातंगी
माझ्या पाच वाट्यांपैकी चारच परत आल्यात. तिरफळाची कुठाय? तळाला सासूबाईंचं नाव कोरलंय.

सांबऱ्याचा वारा
भिशीवाल्या काकूंनी तिरफळासकट नेली, माशाच्या आमटीला. बुधवारी घेऊन येतो म्हणाल्यात.